‘ई’ शाखेचा दहावा एजंट: पीएचपी ठेवायची की टाकायची?

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या एका सौहार्द पतसंस्थेचं आहे. संस्थेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. रकमा आणि काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत, पण चूक कशी झाली आणि निर्णय कसे घेतले गेले ते जसंच्या तसं आहे. मी बेळगावात राहून छोट्या संस्थांची सॉफ्टवेअरची कामं करतो. या कामात मला बाहेरचा माणूस म्हणून बोलावलं होतं.

पार्श्वभूमी

संस्थेचं मुख्य कार्यालय निपाणी भागात. शाखा सहा, त्यातल्या पाच निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात आणि एक खानापूर तालुक्यात. शाखांना इंग्रजी वर्णमालेतली अक्षरं दिली होती, ए ते एफ. खानापूरकडच्या शाखेला ‘ई’ आलं. (ही अक्षरं आणि खाते क्रमांक इथे देवनागरीत लिहितोय. संगणकात ते रोमनमध्ये आहेत.) सभासद म्हणजे तंबाखू आणि ऊस पिकवणारे शेतकरी, बसस्टँडवरचे टपरीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका. संस्थेचा कणा म्हणजे रोजची पिग्मी, दररोज थोडे थोडे पैसे भरायची बचत. एजंट मशीन घेऊन दारोदार फिरतो, संध्याकाळी शाखेत मशीन जोडतो, त्यातून दिवसाच्या वसुलीची फाईल उतरते आणि ती सॉफ्टवेअरमध्ये चढवली जाते.

सॉफ्टवेअर २००९ सालचं. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एका सरांनी संध्याकाळी आणि रविवारी बसून चार महिन्यांत एकट्याने लिहिलेलं. पीएचपी ५.२ (वेबपानं लिहायची प्रोग्रामिंग भाषा), मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि विंडोजच्या एका संगणकावर झॅम्प (हे दोन्ही चालवणारा संच). पासबुक मराठीत, सहकार खात्याकडे जाणारी पत्रकं कन्नडमध्ये, ऑडिटरचे तक्ते इंग्रजीत. तिन्ही लिपी एकाच डेटाबेसमध्ये. तेरा वर्षं ते चाललं. मी पहिल्यांदा कोड उघडला तेव्हा नाकं मुरडली नाहीत आणि आजही मुरडत नाही. सहा शाखांचा रोजचा हिशोब ज्या कोडने तेरा वर्षं बसवला, त्याला आधी नमस्कार करावा आणि मग दुरुस्तीला हात घालावा.

अडचण

२०२२ च्या अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी ई शाखेत दहावा एजंट नेमला गेला. त्याने पहिल्याच आठवड्यात २३ खाती आणली. खाते क्रमांकाची पद्धत सोपी होती: एजंटचा क्रमांक, शाखेचं अक्षर, ग्राहकाचा क्रमांक. म्हणजे दहाव्या एजंटचा पाचवा ग्राहक ‘१०ई५’.

दसऱ्याच्या आधी त्यातल्या एक बाई पासबुक भरून घ्यायला आल्या. त्यांची चहाची टपरी आहे. रोज शंभर रुपये भरत होत्या, मशीनची पावती प्रत्येक दिवसाची जपून ठेवलेली. पासबुकात एकही नोंद नाही. मग एजंटवर संशय आला. तो बिचारा रोजचा भरणा न चुकता करत होता. शाखेची रोकड रोज जुळत होती, एजंटची बेरीजही जुळत होती, कारण ती मशीनच्याच आकड्यांवरून छापली जायची. पैसे संस्थेत आले होते, पण कुणाच्या खात्यात गेले ते कळत नव्हतं.

ते पहिल्या एजंटच्या ग्राहकांच्या खात्यात गेले होते, आणि बरोबर एक घर पुढे. ‘१०ई५’ चे पैसे ‘१ई६’ ला, ‘१०ई६’ चे ‘१ई७’ ला. अशी तेवीसच्या तेवीस.

कारण शोधून काढलं मुख्य कार्यालयातल्या अकौंट बघणाऱ्या मॅडमनी, मी नाही. मी मशीनच्या फाईलवर दोन तास घालवले होते. मॅडम मागून म्हणाल्या, “सर, हे ई वाले नंबर एक्सेलमध्ये पण बिघडतात की. १ई६ टाकलं की वेगळंच काय तर दिसतंय. मी म्हणूनच त्यांच्याआधी एक वरचा स्वल्पविराम (') टाकते.”

तिथेच उलगडा झाला. विज्ञानात मोठे आकडे लिहिताना १ई६ म्हणजे एकावर सहा शून्यं, दहा लाख. १०ई५ म्हणजे दहावर पाच शून्यं, तेही दहा लाख. पीएचपीमध्ये दोन मजकूर ‘दोन बरोबर’ (==) चिन्हाने ताडून पाहिले आणि दोन्ही आकड्यासारखे दिसत असले, तर ती भाषा त्यांना आकडे मानून तुलना करते. कोडमध्ये खातं शोधायला ॲरे_सर्च हे यादीत शोधणारं फंक्शन वापरलं होतं, ते मुद्दाम कडक करायला सांगितलं नाही तर असंच ढिलं ताडतं आणि पहिलं जुळलेलं खातं परत देतं. यादीत पहिला एजंट आधी, म्हणून पैसे तिकडे. ए, बी, सी, डी, एफ या शाखांत हे कधीच घडलं नसतं, कारण ‘१०डी५’ला पीएचपी आकडा मानत नाही. आणि ई शाखेतही एक आणि दहा, दोन आणि वीस अशा जोड्या तयार होईपर्यंत काही बिघडणार नव्हतं. तेरा वर्षं ती चूक दहाव्या एजंटची वाट बघत बसली होती.

पहिले चार दिवस

त्याच संध्याकाळी एक स्वस्त उपाय केला. दहाव्या एजंटला अकरा नंबर दिला, तेवीस पासबुकं बदलली. गळती थांबली. मग प्रश्न आला चुकीच्या खात्यांत गेलेले पैसे परत वळवण्याचा.

मी म्हटलं, डेटाबेसमध्ये एक क्वेरी (थेट हुकूम) चालवतो, पाच मिनिटांत सगळं जागेवर जाईल. मॅनेजर ठाम नाही म्हणाले. “तुम्ही आतून बदललं तर उद्या ऑडिटरला काय दाखवू? व्हाउचर पडलं पाहिजे.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वहीत चुकलेली नोंद आपण खोडत नाही, उलट नोंद घालून दुरुस्त करतो. संगणक आला म्हणून हा नियम बदलत नाही. तेवीस नावे, तेवीस जमा अशी व्हाउचरं पडली, व्याज मूळ तारखेपासून धरलं. पहिल्या एजंटच्या एका ग्राहकाने मधल्या काळात खातं बंद करून चौदाशे रुपये जास्त नेले होते. ते संस्थेने अनामत खात्यात टाकले. आठवड्याने तो गृहस्थ स्वतः येऊन पैसे भरून गेला.

वाद

चेअरमननी नोव्हेंबरमध्ये बैठक बोलावली. विषय एकच: हे सॉफ्टवेअर ठेवायचं की नव्याने करायचं. बैठकीला सॉफ्टवेअर लिहिणारे सर होते, आता निवृत्त. चेअरमनचा पुतण्या होता, बेंगळुरूला एका कंपनीत प्रोग्रामर, दिवाळीला आला तो थांबला होता. मॅनेजर, मॅडम आणि मी.

पुतण्याने सरळ सुरुवात केली. “काका, भाषाच चुकीची आहे. पायथॉनमध्ये १ई६ आणि १०ई५ हे दोन मजकूर कधीच सारखे ठरले नसते. जावास्क्रिप्टला लोक इतकी नावं ठेवतात, पण दोन्ही बाजूला मजकूर असेल तर तीसुद्धा मजकूर म्हणूनच ताडते.” हे शंभर टक्के खरं होतं, आणि मी तसं बैठकीत सांगितलं. वाद घालताना समोरच्याचा खरा मुद्दा आधी मान्य केला नाही तर पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

त्याने आणखी मुद्दे मांडले. मजकुरात तुकडा शोधणाऱ्या स्ट्रपॉस फंक्शनमध्ये आधी मोठा मजकूर द्यायचा आणि मग शोधायचा तुकडा, यादीत शोधणाऱ्या इन_ॲरेमध्ये बरोबर उलटं. स्ट्र_रिप्लेस नावात खालची रेघ, स्ट्रपॉसमध्ये नाही. शोधलेला तुकडा पहिल्याच जागी सापडला तर स्ट्रपॉस शून्य देतं, सापडलाच नाही तर ‘फॉल्स’ म्हणजे ‘नाही’, आणि ढिल्या तुलनेत दोन्ही सारखेच. चूक झाली तरी ओरडायचं नाही, पुढे चालत राहायचं, ही या भाषेची सवय.

सरांना ते लागलं. पण ते चिडले नाहीत. म्हणाले, “बाळा, ही भाषा कशासाठी जन्मली ते आधी बघ.” रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही छोटी साधनं लिहिली आणि १९९५ मध्ये ती लोकांना दिली. नवी भाषा घडवायची असं ठरवून ते बसलेच नव्हते. पुढे अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली. वेबपानावरच्या फॉर्ममधून जे येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं. वय पाच लिहिलं तरी पोहोचतो तो ‘५’ हा मजकूर. तेव्हा मजकुरातला पाच आणि आकड्यातला पाच सारखे मानले तर नवशिक्याचं काम सोपं होतं. ढिली तुलना त्या सोयीतून आली.

“सोय होती सर, मान्य,” पुतण्या म्हणाला, “पण ती सोय आज टपरीवाल्या मावशींच्या पासबुकात शिरली.”

इथे बैठक थोडा वेळ गप्प झाली. मला वाटतं, सगळ्या वादातलं हे सगळ्यात नेमकं वाक्य होतं. एखाद्या भाषेचा दोष किती मोठा हे त्याच्यामुळे कुणाचं काय जातं यावर ठरतं. ब्लॉगवर ढिली तुलना चालून जाते, खातेवहीत चालत नाही.

मग सरांनी आपली बाजू मांडली आणि ती मला तितकीच भक्कम वाटली. पीएचपीमध्ये प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि काम झालं की सगळं पुसून जातं. एका कारकुनाच्या पानावर चूक झाली तर दुसऱ्याचं पान अडत नाही. मेमरी हळूहळू भरत जाऊन सर्व्हर बसला, असं सहसा होत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते. वीज आली, मशीन चालू झालं, अपाची (पानं पुरवणारा सर्व्हर) उठला, काम सुरू. कुठली प्रोसेस हाताने उठवायची नाही. दुरुस्ती करायची तर एक फाईल बदलायची आणि पान पुन्हा उघडायचं. “मी पॉलिटेक्निकमधून स्कूटरवर यायचो, फाईल टाकायचो, जायचो. त्या वेळी दुसऱ्या कुठल्या भाषेत मला हे परवडलं असतं?”

आणि शेवटचा मुद्दा, जो मॅनेजरना सगळ्यात पटला: उद्या संध्याकाळी सहा वाजता डे-एंड (दिवसअखेरचा हिशोब) अडलं तर कोण येणार? बेळगाव, निपाणी, चिकोडीत पीएचपी येणारा मुलगा सापडतो. बाकीच्या भाषा येणारे पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेले असतात. पुतण्या स्वतःच त्याचं उदाहरण होता. त्याने ते हसून कबूल केलं.

तक्रारवही

बैठक दोन बाजूंत अडकली होती. तेव्हा मॅडम तक्रारवही घेऊन आल्या. तिच्यात सॉफ्टवेअरबद्दल १९ नोंदी होत्या. मी सुचवलं की प्रत्येक नोंदीसमोर लिहूया: दोष भाषेचा, आमच्या कोडचा, की यंत्राचा आणि विजेचा. दुपारभर तेच केलं.

भाषेच्या माथी चार बसल्या. पिग्मीची चूक त्यातली सगळ्यात गंभीर. दुसरी नावांची. फॉर्ममध्ये नावाला साठ अक्षरांची मर्यादा होती, पण लांब मराठी नावं ‘नाव फार मोठं’ म्हणून परत यायची आणि कारकून ती तोडून लिहायचे. पीएचपीचं स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वर’ आपण चार अक्षरं मोजतो. चिन्हं मोजणारं एमबी_स्ट्रलेन त्यातल्या मात्रा आणि हलन्त वेगळे धरून दहा मोजतं. स्ट्रलेन तीस. म्हणजे साठची मर्यादा आमच्या लोकांसाठी वीस चिन्हांची होती, आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव त्यात बसत नाही. कन्नड नावांचंही तेच. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची एकच यादी, मुळापासून आणायचा प्रयत्न पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत सुरू झाला होता, तो सोडून द्यावा लागला आणि पाचवरून थेट सातवी आली. सीमाभागात दोन-तीन लिप्यांत काम करणाऱ्यांना या भाषेची ही उणीव सगळ्यात जास्त टोचते, असं माझं मत आहे.

तिसरी आणि चौथी नोंद ‘न ओरडता पुढे चालण्याच्या’ सवयीची. एका ठेव प्रकारावर काही दिवस व्याज शून्य लागलं होतं. कोडमध्ये व्याजाच्या चलाचं (व्हेरिएबलचं) नाव रोमनमध्ये लिहिताना एके ठिकाणी एक ‘ए’ होता, दुसरीकडे दोन. पीएचपीने दुसऱ्याला नवं रिकामं चल मानलं आणि गुमान शून्य धरलं. सूचना निघत होती, पण सूचना दिसू नयेत असं सेटिंग केलेलं होतं. म्हणून हा दोष अर्धा भाषेचा, अर्धा आमचा. सर म्हणाले, “माझ्या नावावर लिहा.” आम्ही भाषेच्या नावावरच ठेवला.

यंत्र आणि विजेच्या पाच. टेबलं मायआयसॅम प्रकारची होती, वीज गेली की मोडायची आणि दुरुस्त करत बसावं लागायचं. उरलेल्या दहा नोंदी शुद्ध आमच्या: जिल्ह्याचं नाव कोडमध्ये थेट ‘बेळगाव’च्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने लिहिलेलं, ते १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बदलल्यावर एक पत्रक रिकामं यायला लागलं; दर बदलला की पाच फाईलींत बदलावा लागायचा; असंच बाकीचं. या दहा चुका कुठल्याही भाषेत झाल्याच असत्या.

पर्याय

तक्रारवहीनंतर तीन पर्याय उरले.

एक, भाड्याचं तयार पॅकेज. हा लवकर बाद झाला. ज्यांच्याशी बोललो त्यांच्याकडे मराठी पासबुक आणि कन्नड पत्रक दोन्ही एकत्र नव्हतं.

दोन, पायथॉनमध्ये नवं सॉफ्टवेअर. पुतण्याचा अंदाज सहा महिने, माझा एक वर्ष. मला भीती वेळेची नव्हती. तेरा वर्षांचे संचालक मंडळाचे ठराव त्या कोडात जाऊन बसले होते. मुदतीआधी ठेव मोडली तर किती व्याज, सुट्टीच्या दिवशी मुदत संपली तर काय, २०१३ मध्ये एका गटाला दिलेली सवलत. यातलं बरंचसं कागदावर सापडत नव्हतं, फक्त कोडात होतं. नव्याने लिहिताना ते नकळत गळालं असतं.

तीन, आहे तो कोड ठेवून पीएचपी पाचवरून आठवर नेणं आणि त्या ओघात ढिल्या जागा कडक करणं. याविरुद्ध पुतण्याचा प्रश्न चपखल होता: “आठव्या आवृत्तीत १ई६ आणि १०ई५ वेगळे ठरतात का?” नाही. २०२० मध्ये आलेल्या ८.० ने शून्य आणि ‘अबक’ सारखा मजकूर यांची तुलना सुधारली, आधी ते दोघं सारखे ठरायचे. पण दोन्ही मजकूर आकड्यासारखे असतील तर जुनाच नियम आजही आहे. म्हणजे नुसतं वरच्या आवृत्तीवर गेल्याने आमचा रोग बरा होणार नव्हता. मजकुराला आकडा न मानता कडक ताडणारं ‘तीन बरोबर’ (===) आम्हालाच लिहावं लागणार होतं.

निर्णय डिसेंबरमध्ये तिसऱ्या पर्यायाकडे झुकला होता, पण शिक्का बसला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. एका सभासदाला पंधरा वर्षांच्या मुदतीचं घरकर्ज मंजूर झालं आणि पत्रावर शेवटच्या हप्त्याची तारीख छापली गेली: ०१/०१/१९७०. विंडोजवरच्या पाचव्या आवृत्तीत पूर्णांक ३२ बिटांचेच असत, संगणक ६४ बिटांचा असला तरी. अशा पूर्णांकात १९ जानेवारी २०३८ नंतरचा क्षण बसत नाही, मग तारीख वाचणारं फंक्शन ‘फॉल्स’ देतं आणि छापणारं त्याला शून्य समजून १९७० मध्ये नेऊन ठेवतं. सातव्या आवृत्तीत हे सुटलेलं होतं. पाचव्या आवृत्तीची शेवटची उपआवृत्ती, ५.६, तिलाही २०१८ अखेर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं. थांबून राहणं हा आता पर्यायच नव्हता.

काय केलं

पहिल्यांदा सूचना उघड्या केल्या. एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकून कोडाची प्रत चढवली आणि प्रत्येक इशारा नोंदला. मग पीएचपीस्टॅन हे कोड न चालवता तपासणारं साधन सगळ्यात खालच्या पातळीपासून लावत वर नेलं. व्याजाच्या दोन स्पेलिंगसारख्या आणखी सहा जागा सापडल्या.

डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल_क्वेरी जातीची फंक्शनं सातव्या आवृत्तीतून काढून टाकलेली आहेत. सरांनी २००९ मध्येच जवळपास सगळ्या क्वेरी एका फाईलमधून नेल्या होत्या, त्यामुळे महिन्याभराचं काम आठवड्यात झालं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ती फाईल बघत बसले.

मराठी-कन्नड मजकुराचं काम सगळ्यात नाजूक. तेरा वर्षं यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) म्हणून जाहीर केलेल्या रकान्यांत पडत होते. जुनं सॉफ्टवेअर तसंच लिहायचं, तसंच वाचायचं, म्हणून पडद्यावर ठीक दिसायचं. थेट रूपांतर केलं असतं तर प्रत्येक नाव दुहेरी बिघडलं असतं. रकाना आधी नुसत्या बाइटांचा करायचा आणि मग त्याला यूटीएफ-८ म्हणून जाहीर करायचं, असं दोन पायऱ्यांत नेलं. टेबलं इनोडीबीवर नेली, म्हणजे अर्धवट व्यवहार मागे घेता येतो. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून धरल्या.

माझी मोठी चूक ‘तीन बरोबर’मध्ये झाली. मी उत्साहाने सगळ्या ढिल्या तुलना एका दमात कडक केल्या. चाचणीत शेकडो चालू कर्जं ‘बंद’ दिसायला लागली. आधी ७.४ वर आणि मग ८.१ वर जायचं असं मी ठरवलं होतं. ७.४ वर आमच्या जोडणीतून डेटाबेसमधला आकडा मजकूर म्हणून येत होता, म्हणून ‘१’ आणि १ कडक तुलनेत वेगळे. मी मग मजकुरातल्या ‘१’ शी ताडायला लागलो. सगळं जुळलं. ८.१ वर गेलो आणि पुन्हा सगळं उलटं झालं, कारण त्या आवृत्तीपासून पीडीओ (डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा भाग) आकडे आकडे म्हणूनच देतं. एकच काम दोनदा उसवलं. शेवटी जिथून डेटा आत येतो तिथेच त्याचा प्रकार ठरवून टाकला आणि आत कुठेही शंका ठेवली नाही. चढवलेल्या फाईलमधला खाते क्रमांक मजकूर म्हणजे मजकूर, रक्कम पूर्णांक म्हणजे पूर्णांक, आणि पैशांच्या फाईलींत वर कडक प्रकारांची घोषणा.

एप्रिल आणि मे दोन महिने जुनं आणि नवं समांतर चालवलं. रोज रात्री प्रत्येक खात्याची शिल्लक दोन्हीकडून काढून ताडली. नुसती एकूण बेरीज नाही. बेरीज तर पिग्मीच्या वेळीही जुळतच होती. मॅनेजर म्हणत होते की एक एप्रिलपासूनच नव्यावर जाऊ, नवं वर्ष नवी वही. मी आणि मॅडम अडून बसलो. मार्चअखेरीच्या गर्दीत कुणालाच चूक शोधायला डोकं जागेवर नसतं.

काय झालं

३ जुलै २०२३ च्या सोमवारी नव्यावर गेलो. खानापूरकडे धो धो पाऊस, पहिल्याच दिवशी तीनदा वीज गेली. टेबल मोडलं नाही. कर्जाची पत्रं २०३८ पुढच्या तारखा नीट छापतात. डे-एंडला चाळीस मिनिटं लागायची ती बारावर आली. त्यातला काही वाटा पीएचपीच्या नव्या गाभ्याचा, काही आम्ही डेटाबेसला लावलेल्या इंडेक्सचा. किती कुणाचा ते मी वेगळं मोजलेलं नाही.

सगळं सुटलं असं नाही. पासबुकाच्या ओळी मराठी नावांपाशी तिरक्या जातात. रकाना भरून काढणारं स्ट्र_पॅडही बाइटच मोजतं. चिन्हं मोजणारं एमबी_स्ट्र_पॅड २०२३ च्या अखेरीस ८.३ मध्ये आलं, पण उकार किंवा मात्रेला कागदावर वेगळी जागा लागत नाही, त्यामुळे तेही पुरं पडत नाही. आता पानावर जागा मोजून छापतो.

पुतण्याने बेंगळुरूहून संचालक मंडळाचे मासिक अहवाल पायथॉनमध्ये लिहिले, डेटाबेसच्या वाचण्यापुरत्या प्रतीवर. ते उत्तम चालतात. संस्थेत आता दोन भाषा आहेत आणि कुणाला त्याचा त्रास नाही. निपाणीची एक बीसीए झालेली मुलगी अर्धवेळ कामावर घेतली आहे, डे-एंड अडलं की ती बघते.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रारवही पहिल्या दिवशी उघडायला हवी होती. आम्ही तासभर भाषेच्या इतिहासावर बोललो. त्या बोलण्यातून मी शिकलो, पण निर्णय त्या १९ नोंदींनी केला.

७.४ चा मधला थांबा मी पुन्हा घेणार नाही. तिची मुदत तशीही नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली होती. लहान पायऱ्या सुरक्षित वाटतात, पण इथे दोन पायऱ्यांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध होते.

खाते क्रमांकात एजंट, शाखा असा अर्थ भरायलाच नको होता. एजंट सोडून गेला की खात्याचा नंबर खोटा बोलायला लागतो. हा दोष कुठल्याही भाषेत राहिला असता, आणि तो अजून आहे. बदलायचा तर हजारो पासबुकं बदलावी लागतील, म्हणून मंडळाने तो पुढे ढकलला. मी त्याला विरोध केला होता आणि अजूनही करतो.

सगळ्यात जास्त सलतं ते दुसरंच. चूक कळल्यावर चार दिवस आम्ही हिशोब लावत बसलो आणि सगळं जुळल्यावरच ग्राहकांना सांगितलं. टपरीवाल्या मावशींना त्या चार दिवसांत बाजारातून कळलं की पैसे ‘दुसऱ्याच्या खात्यात गेले’. पैसे परत मिळाले, व्याजासकट, पण त्यांनी पिग्मी बंद केली. त्याच संध्याकाळी मॅनेजर आणि मी त्यांच्या टपरीवर जाऊन बसलो असतो तर कदाचित केली नसती.

ई शाखेत आता एकोणीस एजंट आहेत. नव्या एजंटच्या अर्जावर मॅडमनी चिकटवलेली चिठ्ठी तशीच आहे: “१० व २० नंबर देऊ नये.” कोडमध्ये आता त्याची गरज नाही, तसं मी त्यांना दाखवून दिलं आहे. चिठ्ठी काढा असं मात्र मी म्हटलेलं नाही.